केरींचे १८०० साल

नवीन वर्ष सुरू होताना आपण काय करतो? संकल्प लिहितो, योजना आखतो आणि मग त्या योजनेवर देवाचा आशीर्वाद मागतो. पण देव आपली योजनाच बाजूला ठेवायला सांगत असेल तर? विल्यम केरी यांच्यासमोर १७९९ च्या डिसेंबरमध्ये हाच प्रश्न उभा होता.

केरी मूळचे इंग्लंडमधले चांभार. जोडे शिवता शिवता त्यांनी भाषा शिकल्या, धर्मोपदेशक झाले आणि १७९३ मध्ये कुटुंबासह बंगालमध्ये आले. उत्तर बंगालमधल्या मुदनाबाटी येथे निळीच्या कारखान्यावर व्यवस्थापकाची नोकरी करून ते पोट भरत, बंगाली शिकत, नव्या कराराचे भाषांतर करत आणि गावोगाव प्रभू येशूविषयी सांगत. लोक ऐकून घेत, पण एकाही बंगाली माणसाने बाप्तिस्मा घेतला नव्हता. तिथेच १७९४ मध्ये त्यांचा पाच वर्षांचा मुलगा पीटर वारला. पत्नी डोरोथी यांचे मन त्यानंतर जे ढासळले, ते पुन्हा सावरले नाही. त्या सुरुवातीला भारतात यायलाच तयार नव्हत्या. केरींचे चरित्र वाचताना डोरोथींना विसरू नये, असे मला वाटते. या विश्वासाच्या वाटेची मोठी किंमत त्यांनी मोजली.

मुदनाबाटीचा कारखाना बंद पडू लागला, तेव्हा केरींनी जवळच खिदिरपूर येथे निळीचा एक छोटा उद्योग विकत घेतला. इंग्लंडहून येणाऱ्या सहकाऱ्यांनी तिथे एकत्र राहायचे, अशी त्यांची योजना होती. बरीच प्रार्थना करून ठरवलेली.

सहकारी ऑक्टोबरमध्ये आले खरे, पण ईस्ट इंडिया कंपनीने त्यांना आपल्या मुलखात राहू दिले नाही. ते कोलकात्याजवळ हुगळी नदीकाठी, डेन्मार्कच्या ताब्यातील श्रीरामपूर येथे थांबले. (हे श्रीरामपूर आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातले नव्हे.) तिथल्या डॅनिश गव्हर्नरने त्यांना आसरा दिला. त्यांच्यातले विल्यम वॉर्ड डिसेंबरच्या आरंभी मुदनाबाटीला पोचले आणि केरींना म्हणाले, तुम्हीच तिकडे चला.

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. हिशेब मांडून बघितला तर उत्तर सोपे नाही. गुंतवलेले पैसे बुडणार, ओळखीची माणसे आणि वसवलेले घर सुटणार, सोबत आजारी पत्नी आणि चार मुलगे. जमेच्या बाजूला फक्त एक उघडे दार होते, आणि तेही केरींनी न ठोठावलेले. त्यांनी आपली योजना सोडली. नवे वर्ष लागता लागता त्यांचा मुक्काम हलला आणि १० जानेवारी १८०० रोजी ते श्रीरामपूरला पोचले.

पुढची कामे भराभर झाली. केरींच्याजवळचे लाकडी छापयंत्र मुदनाबाटीत नुसतेच पडून होते. वॉर्ड छापखान्याचे जाणकार, त्यामुळे मार्चमध्ये बंगाली शुभवर्तमानाची पाने छापून निघू लागली. मार्शमन पती-पत्नींनी शाळा काढल्या. सगळी कुटुंबे एका छताखाली राहत आणि कमाई एकत्र ठेवत.

तरीही माणसे मात्र वळत नव्हती. वर्ष संपत आले. नोव्हेंबरअखेर कृष्ण पाल नावाच्या एका सुताराचा खांदा निखळला. केरींचे जुने सोबती डॉक्टर थॉमस यांनी तो बसवला आणि त्याच्याशी प्रभूविषयी बोलले. कृष्ण पाल पुन्हा पुन्हा येऊ लागला. २२ डिसेंबरला तो मिशनच्या लोकांबरोबर एका पंगतीत जेवला. त्या काळी याचा अर्थ होता जात सोडणे. दुसऱ्या दिवशी लोकांचा मोठा जमाव त्याच्या घरावर चालून गेला.

रविवारी, २८ डिसेंबर १८०० रोजी केरींनी आपला थोरला मुलगा फेलिक्स आणि कृष्ण पाल या दोघांना हुगळीच्या पाण्यात बाप्तिस्मा दिला. काठावर गव्हर्नरसाहेबही उभे होते. त्या दिवशी डॉक्टर थॉमस तिथे नव्हते. इतक्या वर्षांची आशा फळाला आल्याच्या आनंदाने त्यांच्या मनाचा तोल गेला होता आणि त्यांना एका खोलीत ठेवावे लागले होते. दुसऱ्या खोलीत डोरोथी होत्या. दुपारी प्रथमच बंगालीतून प्रभुभोजनाचा विधी झाला.

पुढल्या फेब्रुवारीत बंगाली नवा करार छापून पूर्ण झाला. त्याच वर्षी कोलकात्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजने केरींना बंगाली शिकवायला बोलावले. पुढे संस्कृत आणि मराठीही त्यांच्याकडे आली. पंडित वैजनाथांच्या मदतीने त्यांनी १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण आणि १८१० मध्ये मोडी अक्षरांत शब्दकोश छापला. दोन्ही पुस्तके त्याच श्रीरामपुरात तयार झाली. केरी तिथेच राहिले आणि ९ जून १८३४ रोजी तिथेच प्रभूघरी गेले.