मंद जळणाऱ्या दारूचा पारखी

दारू म्हटली की आपल्या घरांत बाटली आठवते, दिवाळीत फार तर भुईनळा. एल्मर कीथ या अमेरिकन गुराख्याने मात्र बंदुकीच्या दारूची पारख करण्यात उभे आयुष्य घातले. शस्त्रांचे मला मुळीच आकर्षण नाही. कादंबरीकाराला माणसाच्या हट्टाचे असते, आणि कीथचा हट्ट विलक्षण होता.

त्याचा जन्म १८९९ चा, मिसुरी राज्यातला. बालपण मोंटानात गेले. बारा वर्षांचा असताना हॉटेलला लागलेल्या आगीत तो भयंकर भाजला. डावा हात वाकडा होऊन बसला. डॉक्टर धजेनात, तेव्हा घरच्यांनीच तो पुन्हा मोडून सरळ केला! त्याच हाताने पुढे त्याने आडदांड घोडे आवरले, आयडाहोत गुरे राखली.

रानात कमरेचे रिव्हॉल्व्हर हे त्याचे अवजार. विकतची काडतुसे त्याला दुबळी वाटत. म्हणून रिकाम्या पुंगळीत नवी टोपी बसवायची, दारू मोजून घालायची आणि वर शिशाची गोळी दाबायची, हा उद्योग तो घरीच करी. ४ जुलै १९२५ ला, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, आनंदाने बार काढताना त्याचे जुने पॉइंट पंचेचाळीस रिव्हॉल्व्हर हातातच फुटले. त्याने काळी दारू बारीक कुटून ठासली होती. दाणा जितका बारीक, तितका जाळ जलद. सुदैवाने हात वाचला. दुसरा कोणी गप्प बसला असता. कीथने ही हकीकत 'अमेरिकन रायफलमन' या नियतकालिकाला कळवली.

गृहिणींना हे गणित चटकन उमजेल. रॉकेलचा बोळा भडकन पेटतो, बाभळीचे लाकूड धग धरून राहते. जलद जळणाऱ्या दारूचा दाब गोळी जेमतेम हलते तोच कळसाला पोचतो आणि लोखंडावर येतो. मंद दारूचा दाब सावकाश चढतो. गोळी नळीतून सरकत असतानाही मागून रेटा चालूच राहतो. म्हणून तेवढ्याच दाबात वेग अधिक. मात्र तिलाही जड गोळी आणि घट्ट आवळलेले पुंगळीचे तोंड लागते, नाहीतर ती अर्धवट जळते. हलक्या बारासाठी जलद दारूच बरी.

कीथ पॉइंट चौवेचाळीसकडे वळला, कारण त्याच्या चक्रातल्या घरांच्या भिंती जाड असत. १९३० च्या दशकात हर्क्युलीस कंपनीची '२४००' नावाची, नायट्रोसेल्युलोज व नायट्रोग्लिसरीनची मंद दारू आली आणि त्याला हवे ते सापडले. मग कित्येक वर्षे तो लेख आणि पत्रे लिहून कंपन्यांच्या मागे लागला. १९५५ मध्ये स्मिथ अँड वेसनने रिव्हॉल्व्हर आणि रेमिंग्टनने काडतूस तयार केले, तेच पॉइंट चौवेचाळीस मॅग्नम. गंमत अशी की कीथने साधारण १६ ग्रॅमच्या गोळीला सेकंदाला १२०० फूट एवढाच वेग मागितला होता. कंपनीने त्याहून बराच जास्त दिला.

१९७१ च्या 'डर्टी हॅरी' चित्रपटाने या रिव्हॉल्व्हरला जगभर धाकाचे रूप दिले. १९८४ मध्ये कीथ वारला. लोकांना त्याची ताकद आठवते. मला आठवतो तो फुटलेल्या रिव्हॉल्व्हरनंतर दाबाचा हिशेब नव्याने मांडायला बसलेला, भाजक्या हाताचा माणूस.