कूलोम: उताराचं गणित बसवणारा लष्करी इंजिनिअर

खडबडीत उतारावर ठेवलेला ठोकळा घसरेल की जागीच राहील, हे गणित अकरावी-बारावीत सगळ्यांनी सोडवलेलं असतं. ते ज्या नियमांवर सुटतं, ते प्रयोगांनी पक्के करणारा माणूस मात्र आपल्याला भलत्याच कारणासाठी ठाऊक असतो. विद्युतप्रभाराचं एकक ज्याच्या नावाचं आहे, तोच हा शार्ल-ऑगस्तँ द कूलोम.

त्याचा जन्म १४ जून १७३६ रोजी फ्रान्समधल्या आंगुलेम गावी झाला. मेझिएरच्या लष्करी अभियांत्रिकी शाळेतून १७६१ मध्ये बाहेर पडल्यावर तीन वर्षांनी त्याची रवानगी कॅरिबियन समुद्रातल्या मार्टिनिक बेटावर झाली. इंग्रजांनी हे बेट जिंकून नुकतंच परत दिलं होतं, त्यामुळे तिथे नवा किल्ला बांधायचा होता. कूलोम तिथे आठ वर्षं राहिला. वारंवारच्या आजारपणात त्याची प्रकृती जी ढासळली, ती पुन्हा पूर्ण सुधारली नाही.

किल्ला बांधताना रोजचा प्रश्न असे तो भिंतींचा. तटामागे भरलेली माती भिंतीला बाहेर ढकलते. मग भिंत किती जाड हवी? १७७३ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीसमोर ठेवलेल्या निबंधात त्याने यावर उत्तर दिलं. भिंत हलली तर मागच्या मातीची एक पाचर एखाद्या तिरक्या पातळीवरून खाली घसरेल, असं त्याने मानलं. पाचरीचं वजन तिला खाली ओढतं, तर मातीतलं घर्षण आणि चिकटपणा तिला धरून ठेवतात. म्हणजे हा आपलाच ठोकळा! फरक इतकाच, की इथे उताराचा कोन आधी माहीत नसतो. ज्या कोनाला भिंतीवर सर्वांत जास्त दाब येतो, तो कोन कूलोमने कलनशास्त्राने शोधला. सिव्हिल इंजिनिअरिंगला ही रीत आजही शिकवतात.

१७७९ मध्ये त्याची नेमणूक रोशफोर बंदरात झाली आणि तिथल्या जहाजबांधणीच्या आवाराची त्याने प्रयोगशाळा केली. जहाज पाण्यात उतरवताना ते वंगण लावलेल्या लाकडी उतारावरून सोडतात. ते मध्येच अडकलं तर पंचाईत. त्यामुळे घर्षणाचा अंदाज नव्हे, आकडा हवा होता. टेबलावर वजन लादलेली घसरती फळी ठेवायची, तिला बांधलेला दोर कप्पीवरून खाली सोडायचा आणि टोकाला वजनं वाढवत जायची, अशी त्याची पद्धत होती. घर्षण भाराच्या प्रमाणात वाढतं, हे आमोंतोंने १६९९ मध्येच मांडलं होतं. ते श्रेय कूलोमचं नाही. कूलोमने ते मोठ्या भारांवर, वेगवेगळ्या लाकडांवर आणि धातूंवर तपासलं. लाकडावर लाकूड काही काळ ठेवलं की ते हलवायला जास्त बल लागतं आणि एकदा हललं की घर्षण कमी होतं व वेगानुसार फारसं बदलत नाही, हे त्याला आढळलं. या निबंधाला १७८१ मध्ये अकादमीचं पारितोषिक मिळालं. त्याच वर्षी तो अकादमीचा सदस्यही झाला.

विद्यार्थी चुकतात ते नेमके इथेच. समजा, १० किलोचा ठोकळा आहे, स्थितिक घर्षणाचा गुणांक ०.५ आणि गतिज घर्षणाचा ०.४. उतार २०° असेल तर वजनाचा उताराच्या दिशेने येणारा घटक सुमारे ३३.५ न्यूटन भरतो आणि घर्षण जास्तीत जास्त ४६ न्यूटनपर्यंत जाऊ शकतं. पण म्हणून ते ४६ नसतं! ठोकळा स्थिर आहे, तेव्हा घर्षण ३३.५ न्यूटनच. ४६ ही फक्त मर्यादा आहे. आता उतार ३०° करा. खेचणारं बल ४९ न्यूटन होतं, मर्यादा ४२.४ वर येते आणि ठोकळा सुटतो. सुटल्यावर गुणांक ०.४ घ्यायचा. घर्षण सुमारे ३४ न्यूटन, उरलेलं बल १५ आणि त्वरण दर सेकंदाला सुमारे १.५ मीटर प्रतिसेकंद. म्हणून आधी ठोकळा हलतो का ते तपासावं, मगच सूत्रात आकडे घालावेत.

पिळाच्या तराजूने विद्युत बलाचा नियम त्याने १७८५ मध्ये मांडला आणि पुढे त्याच कामाने घर्षणाचं काम झाकलं गेलं. त्याआधी १७८३ मध्ये ब्रिटनीतल्या एका कालव्याच्या योजनेला विरोध केल्याबद्दल त्याला आठवडाभर तुरुंगात काढावा लागला होता. राज्यक्रांतीच्या काळात, १७९१ मध्ये, त्याने लष्करी सेवा सोडली आणि पुढे तो ब्लुआजवळच्या आपल्या घरी जाऊन राहिला. १८०२ पासून तो सार्वजनिक शिक्षणाचा निरीक्षक होता. २३ ऑगस्ट १८०६ रोजी पॅरिसमध्ये त्याचं निधन झालं. आयफेल टॉवरवर कोरलेल्या ७२ नावांत त्याचंही नाव आहे.