रेव्हरंड टिळक आणि शिष्यत्वाची कसोटी

हिंगोली जिल्ह्यातील पुसेगावच्या परिसरात अभंग ही पुस्तकातून शिकण्याची गोष्ट नव्हे. संत नामदेवांचे नरसी याच जिल्ह्यात आहे. अशा मुलखातील सुशिक्षित माणसाला नारायण वामन टिळक हे नाव माहीत असते ते बहुधा शाळेतल्या कवितेमुळे. पारध्याच्या बाणाने घायाळ होऊन पिलांकडे परतणारी पक्षीण कित्येकांना जन्मभर आठवते. परंतु कवीच्या नावामागे ‘रेव्हरंड’ ही उपाधी का लागली, हा प्रश्न वर्गात क्वचितच निघतो. मराठी समाजाने फुलामुलांचा कवी जवळ केला आणि ज्या श्रद्धेपायी त्या कवीने घरदार पणाला लावले ती श्रद्धा मात्र त्याची खाजगी बाब म्हणून बाजूला सारली. ही उपेक्षा टिळकांना जिवंतपणीही चुकली नाही. विशेष म्हणजे ती केवळ जुन्या समाजाकडूनच आली असे नाही.

रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी १८६१ साली त्यांचा जन्म झाला. आईचे छत्र लवकर हरपले, वडिलांचा स्वभाव कठोर होता. नाशिकास संस्कृताचे अध्ययन झाले, लक्ष्मीबाईंशी विवाह झाला आणि मग सुरू झाली ती भटकंती. कोठे शिक्षकी, कोठे कीर्तन, तर नागपुरास ग्रंथसंपादन. एका ठिकाणी स्थिर होणे या माणसाच्या प्रकृतीतच नव्हते. त्या काळी शास्त्रीपंडितांना पडणाऱ्या प्रश्नांपेक्षा त्यांचा प्रश्न निराळा होता. ज्या धर्मात जातींची उतरंड नसेल आणि ज्याने देशाचे कल्याण होईल असा धर्म त्यांना हवा होता. राजनांदगावच्या रेल्वेप्रवासात एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार दिला. येशूचे डोंगरावरील प्रवचन वाचताना आपल्या प्रश्नांची उत्तरे येथे आहेत, असे त्यांना वाटू लागले.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या एका दिवसाची किंमत मात्र लक्ष्मीबाईंनी पाच वर्षे मोजली. लहानग्या दत्तूला घेऊन त्या नातलगांच्या आश्रयाने राहिल्या. पती जिवंत असून नसल्यासारखा, अशी ती अवस्था होती. शिष्यत्वाची थोरवी गाणाऱ्यांनी हे पान उलटून पुढे जाऊ नये. गुरूमागे निघालेल्याच्या पावलाखाली पुष्कळदा दुसऱ्याचेच सुख चिरडले जाते आणि टिळकांच्या बाबतीत ते चिरडले गेले, हे ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्या कोणालाही नाकारता येणार नाही. एवढे मात्र खरे की टिळकांनी पत्नीवर आपला धर्म लादला नाही. पुढे लक्ष्मीबाई परतल्या त्या आपले सोवळे सांभाळून आणि चूल वेगळी मांडून. जातिभेद हा देवाने नव्हे तर माणसाने केला आहे, हे त्यांना स्वतःच्या विचाराने पटले तेव्हाच, १९०० साली, त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नगरला प्लेग आला तेव्हा हीच बाई प्लेगच्या छावणीत रोग्यांची सेवा करीत होती.

तेव्हाचे अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, हे टिळकांचे कार्यक्षेत्र झाले. अमेरिकन मराठी मिशनच्या धर्मशिक्षणाच्या पाठशाळेत ते शिकवीत. १९०४ साली त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. १९१२ पासून ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादन त्यांच्याकडे आले. १९०७ साली जळगावी भरलेल्या कविसंमेलनामागे त्यांचाच पुढाकार होता. तरुण बालकवींना त्यांच्या घरात मुलासारखा आसरा मिळाला. सुशिक्षित हिंदू समाज कवी म्हणून त्यांना मान देई, पण ख्रिस्ताचा विषय निघाला की सौजन्याने गप्प बसे. उघड विरोधाला उत्तर तरी देता येते. या सभ्य मौनाला काय उत्तर द्यायचे?

त्याहून बोचणारी उदासीनता घरातच होती. मिशनचा पगार, मिशनची शाळा, मिशनची चाळ यांच्या आधाराने उभी राहिलेली ख्रिस्ती मंडळी हळूहळू त्या आधारालाच धर्म समजू लागली होती. पोशाख, चाली, प्रार्थनेची भाषा सारे परदेशी वळणाचे. ख्रिस्त हा मूळचा पूर्वेकडचा, तेव्हा त्याला या भूमीत परका म्हणून का वावरावे लागावे, हा टिळकांचा सवाल होता. तुकोबांच्या सेतूवरूनच आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो, अशी त्यांची धारणा होती आणि ती त्यांनी कधी लपविली नाही. म्हणून त्यांनी ख्रिस्तभक्तीसाठी अभंग, ओवी आणि कीर्तन यांना जवळ केले. मराठी चर्चमध्ये आजही गायिल्या जाणाऱ्या भजनांचा मोठा भाग त्यांचा आहे. नामदेवांच्या मुलखातल्या माणसाने ती ऐकली, तर चाल आणि आर्तता त्याला परकी वाटणार नाही. केवळ आराध्याचे नाव निराळे.

पण गीते रचणे हे सोपे काम होते, असे म्हणावे लागेल. खरी कसोटी १९१७ साली आली. पंचावन्नाव्या वर्षी, जेव्हा सामान्य नोकरदार निवृत्तिवेतनाचा हिशेब मांडतो, तेव्हा टिळकांनी मिशनची नोकरी सोडली. पगारी प्रचारकाच्या शब्दाला लोक पगाराच्या मापानेच मोजतात, हे त्यांना कळून चुकले होते. संन्यस्त वृत्तीने राहून त्यांनी ‘देवाचा दरबार’ उभारला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तशिष्य त्यात समान मानले जाणार होते. चर्चच्या नोंदवहीपेक्षा आचरणाला श्रेष्ठ ठरविणारी ही कल्पना अनेक सनातनी ख्रिस्ती धुरिणांना रुचली नाही आणि हिंदूंनाही ती नवे जाळेच वाटली असल्यास नवल नाही. दरबार फार वाढला नाही. टिळकांजवळ संघटकाची चिकाटी नव्हती आणि आयुष्यही उरले नव्हते.

९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार देह पुरला नाही, त्याचे दहन झाले आणि रक्षा नगरला नेण्यात आली. ओवीबद्ध ख्रिस्तचरित्र ‘ख्रिस्तायन’ त्यांनी हाती घेतले होते, पण जेमतेम पहिले काही अध्याय लिहून झाले होते. ते पुढे नेण्याचे काम, ज्यांच्या संसारावर या शिष्यत्वाचा पहिला घाव पडला होता, त्या लक्ष्मीबाईंनी अंगावर घेतले.