योगास प्रयोगशाळेत नेणारे स्वामी कुवलयानंद

थोर पुरुषांची चरित्रे ज्ञाती न पाहता द्यावयाची, या आमच्या प्रथेस अनुसरून यंदा स्वामी कुवलयानंद यांचे स्मरण करीत आहोत. छत्रपती संभाजीनगरातील आपल्या कित्येक सभासद कुटुंबांची मुळे अजिंठ्याच्या घाटापलीकडे खानदेशात आहेत. तेथील अमळनेर ही स्वामींच्या पूर्वायुष्यातील कर्मभूमी.

मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. जन्म ३० ऑगस्ट १८८३, गुजरातेत डभोई येथे. बडोद्यास माणिकरावांच्या तालमीत त्यांनी शरीर कमावले, पुढे अमळनेरास अध्यापन केले आणि नर्मदातीरी मालसर येथे परमहंस माधवदासजींपाशी योग शिकले. परंतु आलेला अनुभव मोजून पाहिल्याखेरीज त्यांचे समाधान होईना. १९२० च्या सुमारास बडोद्याच्या रुग्णालयात त्यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने उड्डियान व नौली यांचे परीक्षण केले. नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यातील दाब बाहेरच्या हवेहून कमी होतो, म्हणून बस्तीत पाणी वर खेचले जाते, असे त्यांनी दाखविले व त्या निर्वात अवस्थेस गुरूंचे नाव दिले.

१९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे इंग्रजी त्रैमासिक काढले. इंग्रजीत का, असे कोणी विचारील. पातंजल योगातील चित्तवृत्तींचा विचार हेही मानसशास्त्रच होय, हे परक्या विद्यापीठांस पटवावयाचे तर त्यांना वाचून तपासता येईल असे काही त्यांच्या हाती देणे भागच होते.

झालेही तसेच. अमेरिकेतील येल विद्यापीठात मानसशास्त्राचे संशोधन करणारे, मूळचे केरळचे कोवूर बेहनान १९३० नंतर लोणावळ्यास येऊन राहिले, स्वामींपाशी प्राणायाम शिकले व त्यांनी स्वतःवरच प्रयोग केले. त्यांचा ग्रंथ १९३७ साली न्यूयॉर्क येथे प्रसिद्ध झाला. त्यातील सारेच निष्कर्ष गोड नव्हते. प्राणायामानंतर लगेच घेतलेल्या काही बौद्धिक चाचण्यांत मनाची गती मंदावल्याचे आढळले. योगाने चित्त स्थिर व शांत होते, हेही त्यांनी नोंदविले. भक्तांस असे पुस्तक रुचावयाचे नाही. आमच्या मते त्या ग्रंथाचे मोल याच प्रांजळपणात आहे.

आम्ही स्वतः मानसशास्त्र शिकलो ते सर्वस्वी जर्मन व अमेरिकन पंडितांच्या नावांवर. लोणावळ्याचे नाव वर्गात एकदाही निघाले नाही. बेहनान यांचा ग्रंथ आम्हांस फार पुढे जुन्या पुस्तकांच्या एका गाड्यावर अवचित सापडला. त्याचा सल अद्याप आहे.

स्वामी १८ एप्रिल १९६६ रोजी निवर्तले. ‘योगमीमांसा’ आजही निघते. आपल्या घरी मानसशास्त्र शिकणारी मुले असतील, तर तिचे जुने अंक मिळवून त्यांच्या हाती द्यावेत.