श्रीगुरू हैबतबाबा आरफळकर

दिंडीच्या शताब्दीनिमित्त हैबतबाबांचं स्मरण केल्याशिवाय आम्हांला पुढं जाववत नाही. जालना जिल्ह्यातल्या आम्हा वारकऱ्यांचं चालणंही त्यांच्याच शिस्तीतलं.

बाबा मूळचे सातारा जिल्ह्यातल्या आरफळचे. ग्वाल्हेरला शिंद्यांच्या पदरी सरदार होते. गावाकडं परतताना सातपुड्यात भिल्लांनी त्यांना धरलं, गुहेत कोंडलं, तिथं हरिपाठ करीत राहिले आणि सुटले, अशी हकिकत परंपरेनं सांगतात. पुढं घराची वाट सोडून ते आळंदीला माउलींच्या चरणी राहिले.

तुकोबारायांचे धाकटे चिरंजीव नारायणबाबांनी 1685 साली ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका एका पालखीत घालून पंढरीला नेल्या. पुढं देहूकर मंडळींत सेवेच्या मानावरून वाद वाढला. तेव्हा 1832 च्या सुमारास बाबांनी माउलींची पालखी आळंदीहून वेगळी काढली. अंकलीच्या शितोळे सरकारांनी घोडे-तंबू दिले; वासकर, खंडोजीबाबा अशी मंडळी दिंड्या घेऊन आली. पालख्या दोन झाल्या, पण पंथ दोन झाले नाहीत. तोच विठोबा, तीच एकादशी, तेच ज्ञानबा-तुकाराम. वाखरीला आजही सगळे एकत्र येतात.

बाबांनी लष्करातली शिस्त भजनाला लावली. दिंड्यांचा क्रम, भजनाची मालिका, निघताना तीन कर्णे. भांडणाचं काय करायचं, तेही या सोहळ्यात ठरलेलं आहे. मुक्कामी समाज आरतीला दिंड्या गोल उभ्या राहतात. चोपदारांनी दंड उंचावला की टाळ-मृदंग एकदम बंद. ज्या दिंडीची तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवीतच राहते. चोपदार तिच्याकडं जातात, गाऱ्हाणं ऐकतात, निवाडा होतो, मगच आरती. म्हणजे तक्रार दाबायची नाही आणि तक्रारीपायी रिंगणही मोडायचं नाही.

आमच्या दिंडीतही विण्याच्या मानावरून, पंगतीवरून, हिशेबावरून रुसवेफुगवे झाले. एका वर्षी दोन मंडळी वेगळी चालायला निघाली होती. पण सकाळी काकड्याला उभं राहायचं एकाच ठिकाणी, आणि काल्याला दोघांच्या तोंडात एकमेकांच्या हातचा घास. मग अबोला कुठवर टिकणार? भेटल्यावर पाया पडायचे, लहानथोर पाहायचं नाही, ही रीत मनाआधी मान वाकवते. मन मागून येतं.

आळंदीला महाद्वारात बाबांची पायरी आहे. माउलींच्या दर्शनाला जाणारा प्रत्येक जण तिथून जातो. सोहळा उभा करणाऱ्यानं स्वतःसाठी जागा घेतली ती पायरीची. पुढच्या शंभर वर्षांत मानाचा प्रश्न निघाला, की नव्या विणेकऱ्यांनी ती पायरी आठवावी.

बोला पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!