बुकर टी. वॉशिंग्टन

अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यातल्या एका मळ्यावर इ. स. १८५६ मध्ये बुकरचा जन्म झाला. त्याची आई जेन ही मळ्याच्या मालकाची गुलाम होती. गुलाम स्त्रीचे मूलही मालकाच्याच मालकीचे समजले जाई. मालकाच्या मुलींची पुस्तके उचलून बुकर शाळेच्या दारापर्यंत जाई. परंतु आत पाऊल टाकण्याची त्याला मनाई होती. दारातून आतील मुले वाचताना दिसत, तेव्हा ती शाळा त्याला स्वर्गासारखी वाटे.

इ. स. १८६५ मध्ये अमेरिकेतील यादवी युद्ध संपले आणि गुलाम मुक्त झाले. जेन मुलांना घेऊन वेस्ट व्हर्जिनियातील मॉल्डन या गावी गेली. तेथे बुकरचे सावत्र वडील मिठाच्या भट्टीवर काम करीत असत. लहानगा बुकरही भल्या पहाटे उठून त्याच कामाला जाऊ लागला. वडिलांच्या पिंपांवर १८ हा आकडा लिहिलेला असे. बुकरला ओळखता आलेला पहिला आकडा तोच होय.

पुढे गावात कृष्णवर्णीयांसाठी शाळा निघाली. सकाळी नऊपर्यंत भट्टीवर राबावे, मग शाळेत जावे आणि शाळा सुटल्यावर पुन्हा कामावर यावे, असा त्याचा क्रम ठरला. पहिल्या दिवशी गुरुजी मुलांची नावे लिहून घेऊ लागले. प्रत्येकाला दोन दोन नावे; बुकरला मात्र एकच! त्याने क्षणभर विचार केला आणि आपले नाव बुकर वॉशिंग्टन असे सांगितले. तेच नाव पुढे जगाला परिचित झाले.

काही काळाने त्याला कोळशाच्या खाणीत काम करावे लागले. तेथे एकदा दोन कामगारांचे बोलणे त्याच्या कानी पडले. हॅम्प्टन येथे एक मोठी शाळा असून तेथे गरीब मुलांना काम करून शिकता येते, हे त्याला समजले. इ. स. १८७२ मध्ये सोळा वर्षांचा बुकर त्या शाळेकडे निघाला. अंतर सुमारे पाचशे मैल. जवळचे पैसे वाटेतच संपले. रिचमंड शहरात लाकडी पदपथाखाली झोपून त्याने रात्री काढल्या आणि दिवसा जहाजावरील माल उतरवून पोट भरले. हॅम्प्टनला पोचला तेव्हा त्याच्या खिशात अवघे पन्नास सेंट होते.

त्याचा मळका वेष पाहून मुख्य शिक्षिकेला त्याच्याविषयी खात्री वाटेना. अखेर तिने त्याला एक वर्ग झाडण्यास सांगितले. बुकरने तो तीनदा झाडला आणि चारदा पुसला. शिक्षिकेने बाकांवरून आपला रुमाल फिरवून पाहिला. धुळीचा कणही लागला नाही. हीच त्याची प्रवेशपरीक्षा ठरली. शाळेची झाडलोट करून तो शिकला आणि इ. स. १८७५ मध्ये पदवीधर झाला. हात आणि बुद्धी या दोहोंना वळण देते तेच खरे शिक्षण, हा संस्कार घेऊनच तो तेथून बाहेर पडला.

इ. स. १८८१ मध्ये अलाबामा राज्यातील टस्कीगी येथे कृष्णवर्णीयांसाठी नवी शाळा काढण्याचे काम वॉशिंग्टन यांच्याकडे आले. सरकारने शिक्षकांच्या वेतनासाठी वर्षाला दोन हजार डॉलर मंजूर केले होते. पण जागा नव्हती, इमारतही नव्हती. एका मोडक्या खोपटात तीस विद्यार्थ्यांसह शाळा सुरू झाली. पाऊस आला की एक विद्यार्थी वॉशिंग्टन यांच्या डोक्यावर छत्री धरी आणि ते शिकवीत राहत. लवकरच कर्ज काढून त्यांनी शंभर एकरांचा एक पडीक मळा विकत घेतला.

आता झाडेझुडपे तोडून जमीन लागवडीस आणावयाची होती. विद्यार्थी कचरू लागले. अंगमेहनत ही गुलामांची खूण आहे आणि तिच्यातून सुटण्यासाठीच आपण शाळेत आलो, असे त्यांना वाटे. वॉशिंग्टन यांनी उपदेश केला नाही. ते स्वतः कुऱ्हाड घेऊन रानात शिरले. ते पाहून विद्यार्थीही मागोमाग आले.

इमारतीसाठी विटा हव्या होत्या. त्याही शाळेतच पाडावयाच्या असे ठरले. गुडघाभर चिखलात उभे राहावे लागे. कित्येक विद्यार्थी कंटाळून शाळा सोडून गेले. पंचवीस हजार विटांची पहिली भट्टी नीट भाजलीच नाही. दुसरी फसली. तिसरी जवळजवळ साधली होती. तीही ऐन वेळी ढासळली. पैसा उरला नव्हता. वॉशिंग्टन यांनी आपले घड्याळ पंधरा डॉलरला गहाण टाकले आणि चौथी भट्टी लावली. ती उत्तम साधली! घड्याळ मात्र परत मिळाले नाही.

त्या विटा इतक्या चांगल्या होत्या की ज्यांना ही शाळा नको होती असे गोरे शेजारीही त्या विकत घेऊ लागले. पुढे येथे सुतारकाम, लोहारकाम, छपाई, गाड्या बांधणे, शिवणकाम असे अनेक धंदे शिकविले जाऊ लागले. मुलांना केवळ पुस्तकेच शिकवा, अशी पत्रे पालक पाठवीत. परंतु पुस्तकी विद्येबरोबर एक तरी धंदा प्रत्येकास आलाच पाहिजे, हा नियम वॉशिंग्टन यांनी मोडू दिला नाही. ज्यांच्याजवळ काहीच पैसे नसत, ते दिवसा काम करून रात्री शिकत. शाळेच्या बहुतेक इमारती विद्यार्थ्यांनी आपल्या हातांनी उभारल्या.

वॉशिंग्टन यांचे सर्वच विचार सर्वांना पटले असे नाही. आधी उद्योग, मग हक्क, या त्यांच्या धोरणावर इ. स. १९०३ मध्ये डब्ल्यू. ई. बी. ड्यु बॉइस या विद्वानाने कडक टीका केली. मताचा अधिकार आणि उच्च शिक्षण यांवाचून कृष्णवर्णीयांची उन्नती होणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. हा वाद महत्त्वाचा होता. हाताला कसब हवे, तसे माणसाला समान हक्कही हवेत.

इ. स. १९१५ मध्ये टस्कीगी येथेच वॉशिंग्टन यांचे देहावसान झाले. खोपटात जन्मलेल्या त्या शाळेत तोवर शंभरांहून अधिक इमारती उभ्या राहिल्या होत्या. आज ती विद्यापीठ म्हणून नांदत आहे. शाळेच्या दाराशी थांबविलेल्या एका मुलाने हजारोंसाठी शाळेचे दार उघडले, आणि त्या शाळेच्या विटाही विद्यार्थ्यांकडूनच घडवून घेतल्या!