एडवर्ड हार्टली अँगल

एडवर्ड हार्टली अँगल (१ जून १८५५ – ११ ऑगस्ट १९३०) हे अमेरिकन दंतवैद्य आणि ऑर्थोडॉन्टिक्स, म्हणजे वेडेवाकडे दात सरळ करण्याचे शास्त्र, यास स्वतंत्र विशेषशाखेचा दर्जा मिळवून देणारे प्रवर्तक होते.

शिक्षणकार्य

त्यांचा जन्म पेनसिल्व्हेनिया राज्यात झाला. १८७८ साली दंतवैद्यकाची पदवी घेऊन पुढे त्यांनी अनेक दंतमहाविद्यालयांत अध्यापन केले. सर्वसाधारण अभ्यासक्रमात या विषयास पुरेसा वाव नाही, अशी त्यांची खात्री झाली. म्हणून १९०० साली सेंट लुईस येथे त्यांनी पदवीधर दंतवैद्यांसाठी केवळ याच विषयाची शाळा काढली.

संशोधन व वाद

१८९९ साली त्यांनी वरच्या व खालच्या पहिल्या दाढांच्या परस्परसंबंधावरून दंतरचनेतील दोषांचे तीन वर्ग पाडले. ही वर्गवारी आजही शिकवली जाते. दात सरळ करण्यासाठी निरोगी दात काढू नये, असा त्यांचा कटाक्ष होता. त्यांचेच शिष्य चार्ल्स ट्वीड यांना मात्र या पद्धतीने केलेले काही उपचार टिकत नसल्याचे आढळले. गुरूंच्या निधनानंतर ट्वीड यांनी अशा रुग्णांच्या उपदाढा काढून पुन्हा उपचार केले. मात्र त्यासाठी त्यांनी वापरले ते अँगल यांचेच ‘एजवाइज’ उपकरण.

वारसा

भारतात या विषयाचा एम.डी.एस. हा पदव्युत्तर अभ्यासक्रम तीन वर्षांचा आहे.